बैलांच्या रेल्वेपासून गरुडेश्वरपर्यंत

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ‘चांदोदला जाऊन आलो’ असे कोणी म्हटले की ऐकणारा पुढे फारसे विचारत नाही. नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम, तिसरी गुप्त सरस्वती. अस्थिविसर्जन, दहावे-बारावे, वर्षश्राद्ध, यांतले काहीतरी असणार हे न सांगता कळते. आमच्या आजोबांच्या अस्थी १९८८ साली चांदोदला गेल्या त्या छोट्या गाडीने. तेव्हा आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू. प्रतापनगरला बसायचे, डभईला गाडी बदलायची. डब्यात समोरासमोरच्या बाकांवर बसले की गुडघ्याला गुडघा लागायचा. अस्थींचे लाल फडक्यात बांधलेले मडके काकांनी सगळा वेळ मांडीवर धरले होते, कारण ते खाली ठेवायचे नसते. गाडी इतकी हळू चालायची की बाभळीची झाडे मोजता येत. आम्ही मोजली, आणि त्याबद्दल आत्याचा धपाटाही खाल्ला.

वडील गेले २०१९ मध्ये. त्या वेळी चांदोदला गाडी नव्हती. छोटे रूळ उखडलेले होते, मोठे रूळ अजून पडायचे होते. आम्ही भाड्याची जीप करून गेलो. डभईच्या पुढे रस्त्यावरून नव्या मातीचा भराव दिसत होता, त्यावर रोलर फिरत होता. आम्ही राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात, सिव्हिलचा डिप्लोमा करून लागलेले. असा माणूस मांडीवर वडिलांच्या अस्थी असतानाही भरावाचा उतार बरोबर आहे की नाही हे बघतो. त्याला इलाज नाही.

पुढे १७ जानेवारी २०२१ रोजी त्याच मार्गावरून केवडियाची गाडी सुरू झाली. डभई, चांदोद आणि केवडिया इथे नव्या इमारती उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमच्या मंडळात आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन एक वाद हमखास निघतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, गायकवाडांची रेल्वे होती ती मोडली. तरुण म्हणतात, बैलगाडीच्या वेगाची गाडी कशाला हवी होती? दोघेही आमच्याच घरचे. या वादात पडण्याआधी ती रेल्वे नक्की काय होती हे एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हा लेख.

ती खरोखरच बैलांची होती, इथपासून सुरुवात करू.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची मोठी लाइन सुरतेकडून बडोद्याला १८६१ साली पोचली. मुंबईशी ती सलग जोडली जायला १८६४ उजाडले. बडोद्याच्या गादीवर तेव्हा खंडेराव महाराज होते. खंडेराव म्हटले की आपल्याला मोत्यांचा गालिचा आणि ‘स्टार ऑफ द साउथ’ हिरा आठवतो, फार तर चांदीची तोफ. पण याच खंडेरावांच्या काळात, १८६२ साली, मोठ्या लाइनवरच्या मियागामपासून डभईपर्यंत वीस मैलांचा एक छोटा रेल्वेमार्ग संस्थानाच्या पैशातून झाला. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज रेल्वे. नॅरोगेज म्हटले की दार्जिलिंग, माथेरान, सिमला ही नावे पुढे येतात. ती सगळी नंतरची आहेत. डभई त्यांच्यापेक्षा कितीतरी आधीची.

रूळ इतके हलके घातले होते की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. विलायतेतल्या नीलसन कंपनीची इंजिने आली, पण रोजची गाडी त्यांच्यावर चालवता येईना. म्हणून डब्यांना बैल जुंपले. आग नसलेली आगगाडी! आज हसू येते, पण हिशेब साधा होता. ज्या रस्त्यावर पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुतते तिथे एका बैलजोडीने जेवढा माल ओढायचा, त्याच्या कितीतरी पट माल तीच जोडी लोखंडी रुळावरून ओढते. चढउतार नसलेला सपाट मुलूख, काळी जमीन, कापूस. आणि वर्षे कोणती? अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला होता आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. डभई, संखेड्याकडचा कापूस लवकरात लवकर मियागामच्या मोठ्या लाइनवर नेऊन घालायचा, एवढेच या रेल्वेचे काम. माणसे बसत असतील तर बसोत.

ज्येष्ठांच्या वादात हा पहिला मुद्दा आम्हाला घालावासा वाटतो. ती रेल्वे आपल्या श्राद्धासाठी कोणी बांधली नव्हती. ती कापसासाठी बांधली होती.

डभईच का, याचे उत्तरही थोडे इतिहासात आहे. मराठी माणूस या गावाला डभई म्हणतो, गुजराती डभोई. आपल्या शाळेच्या पुस्तकात ते एका लढाईपुरते येते. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ, भिलापूरच्या परिसरात, थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर आले. मराठ्यांचीच दोन सैन्ये. दाभाडे पडले. त्यांच्या पदरचे पिलाजी गायकवाड पुढच्याच वर्षी डाकोरला मारले गेले आणि त्यांचे चिरंजीव दमाजीराव यांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचे ताब्यात घेतले. आपण सगळे इथे आलो ते त्यानंतर, कोणी शिलेदार म्हणून, कोणी कारकून, कोणी पुराणिक. म्हणजे ज्या पट्ट्यातून पुढे रेल्वे गेली तिथेच आपल्या इथल्या वास्तव्याचा निकाल लागला होता. डभईचा किल्ला, हिरा भागोळ, सगळे प्राचीन. आसपासच्या गावांची बाजारपेठही तीच. रेल्वेला असे गाव लागतेच.

१८७३ साली पहिला मोठा बदल झाला. हलके रूळ काढून जड रूळ घातले आणि मार्ग इंजिनांसाठी तयार केला. गेज तेच अडीच फूट. आजच्या भाषेत हे या मार्गाचे पहिले ‘अपग्रेडेशन’. तेव्हा बैलवाल्यांचे काय झाले याची नोंद कोणी ठेवलेली दिसत नाही. त्यांच्या घरीही एखादा म्हातारा म्हणाला असेलच, आमची रेल्वे मोडली म्हणून.

खरा विस्तार झाला तो सर टी. माधवराव दिवाण असताना. मल्हारराव महाराजांना १८७५ मध्ये पदच्युत केले, सयाजीराव दत्तक आले ते बारा वर्षांचे. कारभार दिवाणांच्या हाती. माधवराव हे तंजावरकडचे मराठी, जन्म कुंभकोणमचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरला होळकरांचे, मग आपल्याकडे. मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर किती लांब जाऊन किती ठिकाणी रुजला याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. त्यांच्या काळात डभईहून चांदोद आणि बहादरपूर या शाखा १८७९ मध्ये झाल्या, डभई ते गोयागेट ही १८८० मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी ती विश्वामित्रीपर्यंत नेऊन मोठ्या लाइनला टेकवली. बडोदे शहर आणि डभई असे जोडले गेले.

यांतली चांदोदची शाखा आम्हाला वेगळी वाटते. बहादरपूरची शाखा मालासाठी होती हे उघड आहे. चांदोदला असा कोणता मोठा व्यापार होता? तिथे होता संगम, घाट, ब्राह्मणांची घरे, पलीकडे कर्नाळीचा कुबेर भंडारी, आणि अमावास्या-पौर्णिमेला येणारी माणसे. म्हणजे कापसासाठी सुरू झालेली रेल्वे सतरा वर्षांनी यात्रेकरूंसाठी नदीकाठापर्यंत गेली. राज्याच्या खजिन्याला यात्रेकरूच्या तिकिटातूनही पैसा मिळतो हे माधवरावांसारख्या हिशेबी माणसाला कळले नसेल असे नाही. पण त्यामुळे बडोद्यातल्या विधवा म्हातारीला, जिला घोडागाडी परवडत नव्हती, चांदोद एका दिवसात करता येऊ लागले. पुढे श्री अरविंद बडोद्याच्या नोकरीत असताना चांदोद-कर्नाळीला जाऊन आले. बॅरिस्टर केशवराव देशपांड्यांचे गंगनाथ विद्यालयही याच परिसरातले, काकासाहेब कालेलकरांनी त्यात शिकवले. नदीकाठचे एक आडबाजूचे क्षेत्र शहराच्या विचारवंतांच्या पायाखाली येऊ लागले, त्यात या रुळांचा वाटा असणारच.

सयाजीरावांनी १८८१ च्या अखेरीस कारभार हाती घेतला आणि संस्थानाचे सगळे तुकडे जमेल तसे रेल्वेने जोडत नेले. गायकवाडी मुलूख सलग नव्हता हे लक्षात घेतले पाहिजे. मध्ये ब्रिटिश जिल्हे, मध्ये छोटी संस्थाने. म्हणून कुठे नॅरोगेज, कुठे मीटरगेज, कुठे ब्रॉडगेज. मेहसाणा ते वडनगर १८८७ मध्ये, तीही मीटरगेज. पेटलादची ब्रॉडगेज. दक्षिणेला बिलिमोऱ्याहून डांगच्या सागवानाकडे जाणारी वघईची नॅरोगेज १९१३ च्या सुमारास, जी आजही चालू आहे. पावसाळ्यात एकदा मुलांना घेऊन जरूर जा. आपल्या इतर मराठी दरबारांचे रेल्वेशी नाते निराळे होते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्क्यांनी, एकशे एक वर्षांच्या मुदतीने. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांची हौस एवढी की जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरायची. ग्वाल्हेरकरांनी रागावू नये, त्यांची दोन फुटी गाडीही शतकभर लोकांच्या कामी आली. पण पहिला मान बडोद्याचा.

सुरुवातीला गाड्या चालवायचे काम बी. बी. अँड सी. आय. कंपनीकडेच होते. १९२१ च्या सुमारास संस्थानाने ते आपल्या हाती घेतले. त्याआधी १९१९ मध्ये गोयागेटला कारखान्याची पायाभरणी झाली. आज आपण त्या भागाला प्रतापनगर म्हणतो. वाडी, बाबाजीपुरा, दांडिया बाजार इथल्या किती मराठी घरांतली चूल या कारखान्यावर पेटली याची गणती नाही. आमचे आजोबा तिथे फिटर होते. नोकरीला लागले तेव्हा मालक गायकवाड सरकार. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि रेल्वे बी. बी. अँड सी. आय.कडे गेली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे स्थापन झाली. आजोबा सांगायचे, ‘तीन मालक झाले, पाना तोच राहिला.’ तो पाना आमच्या घरी अजून आहे. दसऱ्याला त्याची पूजा होते.

लालबागेतला प्रतापविलास राजवाडाही १९५२ मध्ये रेल्वेच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय झाला. आता तिथे गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. म्हणजे गायकवाडांचे रेल्वेशी नाते मोडले असे म्हणताना हेही डोळ्यांसमोर ठेवावे.

डभईहून पाच दिशांना छोट्या गाड्या सुटत. मियागाम, प्रतापनगर, चांदोद, समलाया-टिंबा रोड आणि बोडेली-छोटाउदेपूर. देशातले सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून डभईचे नाव होते. लहानपणी आम्हाला या पाच दिशांचे फार आश्चर्य वाटायचे. फलाटावर उभे राहिले की एखाद्या हाताच्या पंजाच्या मध्यभागी उभे असल्यासारखे वाटे. आजोबांच्या अस्थींच्या वेळी तिथे काकांनी मडके एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने आम्हाला चहा पाजला होता, आणि छोटाउदेपूरची गाडी सुटताना डोक्यावर टोपल्या घेतलेल्या राठवा बायका धावत येऊन चढल्या होत्या. गाडीने त्यांच्यासाठी वेग कमी केला की वेग मुळातच तेवढा होता, हे सांगता येणार नाही.

या गाडीचे खरे वैभव हेच होते. ती थांबायची. जिथे फलाट नव्हता तिथेही थांबायची. भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, शाळेची मुले, सगळे तिच्यात. पण ती संपत चालली होती हेही खरे. रस्ते आमच्याच खात्याने केले. डांबरी रस्ता झाला, एसटी आली, मग छकडे आणि जीपा आल्या. डब्यांत माणसे कमी, खर्च तोच. मालाचे तर विचारूच नका. छोट्या गाडीतला माल मोठ्या लाइनवर जायचा म्हणजे एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हमालांनी पाठीवरून टाकायचा. त्यापेक्षा ट्रकवाला दारातून उचलून दारात टाकतो. नॅरोगेज कोणी एका दिवसात मोडली नाही. आपण सगळ्यांनी मिळून तिच्यात बसणे आधी सोडले. आमच्या घरी १९९० नंतर चांदोदला छोट्या गाडीने किती वेळा गेलो हे आठवून पाहिले तर एका हाताची बोटेही पुरी होत नाहीत.

मग रुंदीकरण आले. आधी प्रतापनगर ते छोटाउदेपूर मार्ग ब्रॉडगेज झाला. चांदोदची शाखा त्या वेळी तशीच राहिली. छोटाउदेपूरच्या पुढे धारपर्यंत नव्या मार्गाचे भूमिपूजन २००८ मध्ये झाले आणि २०१९ मध्ये गाडी अलिराजपूरला पोचली. गायकवाडांचे बडोदे आणि पवारांची धार एक दिवस रुळांनी जोडली जातील, त्याची वाट आमच्या इंदूर-धारच्या सोयऱ्यांइतकीच आम्हीही पाहत आहोत. १८६२ चा मूळ मियागाम-डभई मार्गही रुंदीकरणासाठी घेतला गेला.

‘रूळ जरा लांब सरकवले की झाले’ असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे आमच्या धंद्यातले. नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेज १६७६. फरक ९१४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. पण हे तीन फूट वाढवायचे तर जुन्या मार्गाचे फारसे काही उरत नाही. मातीचा भराव माथ्याला रुंद करायचा म्हणजे पायथ्याला त्याहून रुंद होतो, त्याला जागा लागते. छोटी गाडी तीव्र वळण सहज घेते, मोठी घेत नाही, म्हणून वळणे मोकळी करायची. जुने पूल छोट्या इंजिनाच्या वजनाचे, ते नव्याने बांधायचे. फलाट उंच करायचे, लांब करायचे. वर विजेची तार टाकायची तर तिच्याखाली येणारे प्रत्येक बांधकाम पुन्हा तपासायचे. फाटके काढायची, त्या जागी खालून रस्ता द्यायचा. बडोद्यात याला आपण गरनाळे म्हणतो, आणि पहिल्या पावसात गरनाळ्याचे काय होते हे अलकापुरीला रोज जाणाऱ्या माणसाला सांगायला नको. चढ, उतार आणि पाण्याचा निचरा ही तीन गणिते कागदावर सुटतात, श्रावणात परत विचारतात.

चांदोदच्या पुढे तर जुना मार्ग नव्हताच. डभई-चांदोद सुमारे १८ किलोमीटरचे रुंदीकरण आणि चांदोद-केवडिया सुमारे ३२ किलोमीटरचा संपूर्ण नवा मार्ग. कारण सर्वांना माहीत आहे. सरदार सरोवराजवळ वल्लभभाईंचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी उभा राहिला. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, हे आपल्या मुलांना माहीत असावे. त्याच वर्षी डिसेंबरात केवडिया स्थानकाची पायाभरणी झाली आणि दोन वर्षे उलटताच गाडी धावली, तीही मध्ये कोरोनाचे वर्ष असताना. सरकारी कामाचा वेग आम्हाला आतून माहीत आहे. जमिनीची मोजणी, सातबारा, वारसांच्या सह्या, हरकती, हे सगळे पाहिलेला माणूस या वेगाला नमस्कारही करतो आणि ज्यांची जमीन त्याखाली गेली त्यांना पुरता वेळ मिळाला का, असेही मनात विचारतो. केवडियाच्या माणसांनी धरणासाठी आधीच एकदा दिले होते.

उद्घाटनाच्या दिवशी आठ गाड्यांना झेंडा दाखवला. वाराणसी, अहमदाबाद, दिल्ली, रेवा, चेन्नई, दादर अशा गावांशी केवडिया जोडले गेले, आणि प्रतापनगरची मेमूही होती. अहमदाबादच्या जनशताब्दीला काचेच्या छताचा डबा. स्थानकाची इमारत पर्यावरणपूरक म्हणून प्रमाणित झालेली, देशातली अशी पहिली. आता स्थानकाचे नाव एकतानगर. सुंदर आहे, आम्ही पाहून आलो. स्वच्छतागृहसुद्धा पाहिले, आमची ती सवय आहे, आणि नाव ठेवायला जागा सापडली नाही.

पण या सगळ्यात बातम्यांनी ज्यांच्याकडे लक्ष दिले नाही ती तीन नावे आपल्याला महत्त्वाची आहेत. चांदोद आणि केवडिया यांच्यामध्ये नव्या मार्गावर मोरिया, तिलकवाडा आणि गरुडेश्वर ही स्थानके आली. गरुडेश्वर! प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज सावंतवाडीजवळच्या माणगावचे. जन्म १८५४. आयुष्यभर पायी फिरले. चातुर्मास संपला की पुढचे गाव. १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला गरुडेश्वरी नर्मदेच्या तीरावर समाधिस्थ झाले. ज्यांनी कधी वाहनात पाय ठेवला नाही त्यांच्या समाधीच्या गावाला शंभराहून अधिक वर्षांनी रेल्वे स्थानक मिळाले. आणि तिलकवाडा म्हणजे चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा. अलीकडे पुण्या-नाशिकहून किती माणसे येतात, चैत्रात तिलकवाड्याच्या घाटावर गुजरातीपेक्षा मराठीच जास्त ऐकू येते.

आमच्या मंडळातला एक तरुण, तो बँकेत आहे, म्हणाला, ‘काका, दादरहून आत्या आता रात्री बसते आणि थेट गरुडेश्वरच्या बाजूला उतरते. तुमच्या छोट्या गाडीत तिला हे जमले असते का?’ नसते जमले. दादरहून येणारीला आधी बडोदे, मग प्रतापनगर, मग डभई, मग चांदोद, पुढे मिळेल ती जीप. हे कबूल केले पाहिजे. त्याच संध्याकाळी एक ऐंशी वर्षांच्या काकू म्हणाल्या, ‘पण मला दादरहून यायचेच नाही रे. मला बडोद्याहून जायचे आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि मध्ये कुठे उतरायचे ते माझे मी ठरवणार.’ हेही कबूल केले पाहिजे. दोघांचे भांडण वेगाविषयी नाही. गाडी कोणासाठी थांबते याविषयी आहे, आणि १८६२ पासून या मार्गावर प्रत्येक वेळी हाच प्रश्न होता. आधी कापसासाठी थांबली, मग यात्रेकरूसाठी, मग गावोगावच्या टोपल्यांसाठी, आता पुतळा बघायला येणाऱ्यांसाठी. लांब पल्ल्याची गाडी मधल्या छोट्या स्थानकाला धूळ देऊन पुढे जाते. ते काम मेमूचे, पॅसेंजरचे. म्हणून आपल्या मागणीचा कागद करायचा असेल तर ‘नॅरोगेज परत आणा’ असा करू नये, तो कोणी वाचणारही नाही. गरुडेश्वर, तिलकवाडा, चांदोद इथे सोयीच्या वेळी थांबणारी साधी गाडी, पौर्णिमेला आणि गुरुद्वादशीला जादा डबे, आणि स्थानकापासून घाटापर्यंत म्हातारा माणूस चालू शकेल असा रस्ता, एवढे मागावे. शेवटची गोष्ट रेल्वेची नाही, ती आमच्यासारख्यांच्या खात्यांची. तो अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हे सांगायला आम्ही तयार आहोत, सही मात्र मंडळाच्या अध्यक्षांची हवी.

जुन्या गाडीचे काय राहिले? प्रतापनगरला रेल्वेचे वारसा उद्यान आहे, छोटे इंजिन तिथे उभे आहे, मुलांना दाखवून आणा. बाकीचे आपल्या घरांत आहे. कोणाकडे गायकवाडी रेल्वेच्या नोकरीचे कागद असतील, कोणाकडे पितळी बिल्ला, गार्डचा कंदील, डभईच्या फलाटावरचा लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो, पुठ्ठ्याचे तिकीट. नव्या फ्लॅटमध्ये जाताना माळ्यावरची पेटी भंगारवाल्याकडे जाते आणि त्यातच हे जाते. मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी अशा वस्तू हव्या आहेत. आम्ही नोंद करून, फोटो काढून ज्याच्या त्याला परत करू. आजोबांचा पाना आम्ही देणार आहोत, दसऱ्यापुरता परत घेऊ.

अनंत चतुर्दशी झाली की लगेच पितृपक्ष लागतो. यंदा वडिलांचे श्राद्ध चांदोदला करायचे ठरले आहे आणि जीप करायची नाही असेही ठरले आहे. आत्या येणार आहेत. त्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, उंच फलाटावरून डब्यात चढणे त्यांना सोपे जाते, त्या बाबतीत नवी गाडी चांगली असे त्यांचे मत आहे. खिडकीची जागा मात्र त्यांनी आधीच मागून ठेवली आहे. डभईच्या पुढे बाभळी अजून आहेत का ते बघायचे म्हणतात.